नजर कुठं पडते

पेणच्या रामवाडीतली शकू सव्वीस वर्षं गणपतीचे डोळे आखते आहे. कारखान्यात रंग द्यायला दहा जण आहेत, पण डोळ्यांच्या आखणीला शकूच लागते. मूर्तीसमोर हात जोडून बसणाऱ्याला वाटलं पाहिजे, देव माझ्याकडंच बघतोय. बुबुळ जरा सरकलं की देव भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसतो, हे शकूचंच म्हणणं. ऐटीत सांगायची. ऐट करावी असा हात होताच तिचा.

गेल्या वर्षापासून तो हात थरथरायला लागला. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, थरथर काही गेली नाही. बाई मोठी पक्की, कुणाला पत्ता लागू दिला नाही. सगळ्यांकडं पाठ करून बसायची, चहा डाव्या हातानं घ्यायची, लहान मूर्ती तेवढ्या पुढ्यात ओढायची. पण आता मंडळाची पाच फुटी मूर्ती आठ दिवसांत आखणीला येणार होती, आणि तिच्या वेळी कारखान्याचे मालक महादेवशेठ स्वतः शेजारी उभे राहतात. त्यांच्यासमोर पाठ करून बसता येणार नव्हतं.

अशात शनिवारी तिची लेक भूमिका रोह्याहून आली. तिकडं एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. या खेपेस तिनं हातात धरून खेळायचा कन्सोल आणला होता. चोवीस वर्षांची घोडी आणि खेळणी आणते म्हणून शकूनं नाक मुरडलं, आणि दहा मिनिटांत लेकीच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

लपतछपत जायचा खेळ होता. गोदामातल्या पहारेकऱ्यांच्या नजरेस न पडता आत शिरायचं आणि शेवटी मनोऱ्यावरच्या माणसाला दुर्बिणीच्या बंदुकीनं टिपायचं. भूमिका तिसऱ्यांदा पकडली गेली.

"त्या पिंपामागं कशाला गेलीस गो? तिथलं दिसतंय त्याला."

"त्याचं तोंड पलीकडं होतं, आई."

"तोंड नको बघू. दुर्बीण लाव, बुबुळ बघ. कोपऱ्यातून बघतोय तो. डावीकडनं जा, तिकडचं त्याला काय दिसत नाय."

मग शकूनंच खेळ हातात घेतला आणि चुकतमाकत, पण कुणाच्याही नजरेस न पडता, मनोऱ्यापाशी पोचली. सव्वीस वर्षं जिनं नजर कुठं पडते एवढंच पाहिलं, तिला हे पहारेकरी काय पकडणार! पण बंदुकीच्या दुर्बिणीत त्या माणसाचा चेहरा मोठा होऊन आला आणि शकू गोळी झाडायची विसरून त्याचे डोळेच न्याहाळत बसली.

"अगो, याचा उजवा डोळा वर चढलाय. कुणी आखलाय हा?"

तेवढ्यात पहारेकऱ्यांनी तिला गाठलं. भूमिका हसून हसून लोळली.

दुसऱ्या वेळी शकूनं नीट नेम धरला. नेमाची फुली पडद्यावर सैरावैरा पळायला लागली. "श्वास रोखायचं बटण दाब," भूमिका म्हणाली. शकूनं बटण दाबलं, स्वतःचा श्वासही रोखला. फुली थांबेना. भूमिकानं पडद्यावरची नजर काढून आईच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"आई, हे कधीपासून?"

शकूला खोटं सुचलं नाही. "मागल्या गणपतीपासनं," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. वर्षभराचं साचलेलं रडू होतं ते.

भूमिकानं तिला रडू दिलं. मग कन्सोल आपल्या हातात घेतला. "तू सांग, मी दाबते."

"थोडं खाली घे," शकू डोळे पुसत म्हणाली. "अजून. हां, आता."

नेम लागला. मनोऱ्यावरचा माणूस कोसळला, त्याचं शकूला उगाच वाईट वाटलं. पण लेकीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. रविवारभर ती त्याच विचारात होती.

सोमवारी ती महादेवशेठपुढं उभी राहिली आणि उजवा हात समोर धरला. "शेठ, हात गेला माझा. नम्रताचा हात चांगला हाय. रेघ ती मारेल, नजर मी लावीन."

नम्रता दागिने रंगवणारी पोर. हात स्थिर, पण तिनं आखलेले डोळे जमिनीकडं बघायचे. शेठनी एकदा शकूच्या हाताकडं, एकदा नम्रताकडं पाहिलं. "करून तर बघा," एवढंच म्हणाले.

मंडळाची मूर्ती आली. शकू नेहमीसारखी मूर्तीला खेटून बसली नाही, समोर, दर्शनाला माणसं बसतात तिथं मांडी घालून बसली.

"मावशी, माझाच हात कापतोय," नम्रता म्हणाली.

"कापू दे. श्वास सोड, मग टेकव. जरा आत. केसभर वर. थांब. आता टेकव."

दुपार कलायला लागली तेव्हा नम्रता ब्रश ठेवून बाजूला झाली. आजवर एक मूर्ती झाली की शकू लगेच दुसरी ओढायची; समोर बसून बघायला सवड कुणाला होती? हजारो डोळे तिनं वीतभर अंतरावरून आखले होते, दुसऱ्यांसाठी. आज पहिल्यांदा देव तिच्याकडं बघत होता.

तिनं हात जोडले. ते थरथरत होते, सगळा कारखाना बघत होता. शकूनं ते तसेच राहू दिले.