कुसूमनं आणलेली पुरचुंडी

निवृत्तीच्या दिवशी माझं फार कौतुक झालं—आठवीत येणाऱ्या नव्या मुलींना बाईंनी आईच्या मायेनं सांभाळलं म्हणून. मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. आता ऐंशीच्या घरात आलेय, बोलायचाही शीण होतो. पण ही एक गोष्ट झाकून ठेवता ठेवता त्याहून जास्त दमले. नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. तुम्हाला सांगते.

मी हायस्कूल शिकले ते मालवणात, एका दुकानदाराच्या घरी राहून. आमची वाडी खाडीपलीकडे. वडील रापणीवर मासळीचं जाळं ओढायला जायचे, आई पाटी घेऊन गावोगाव मासळी विकायची. शाळेत मात्र मी सांगून ठेवलं होतं की वडील मुंबईला कचेरीत आहेत. का सांगितलं? धड कुणी विचारलंही नव्हतं. पण एकदा बोलून गेले—मग ते निभावणं आलं.

आमच्या हेडमास्तरांची एक रीत होती. आठवीतल्या प्रत्येक नव्या मुलीला ते दहावीतली एक मुलगी नेमून द्यायचे. महिनाभर तिच्यासोबत डबा खायचा, पाणी कुठे, वाचनालय कुठे, कुठल्या मास्तरांना काय चालत नाही, सगळं दाखवायचं. मी दहावीत गेले त्या जूनमध्ये माझ्या वाट्याला कुसूम आली. आमच्याच वाडीची. माझ्यानंतर वाडीतून हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी—होडीनं खाडी ओलांडून, पुढे दोन मैल चालत यायची.

पहिल्या दिवशी मी तिला तिचा वर्ग लांबूनच दाखवला आणि सटकले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती मला शोधत आमच्या वर्गात आली. मी मैत्रिणींच्या घोळक्यात. तिच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती.

"गो शेवंते, तुझ्या आवशीन सुकी सुंगटां धाडल्यान!"

केवढ्या आनंदानं म्हणाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सुकी कोळंबी म्हणजे माझा जीव की प्राण, आईला ठाऊक होतं. आणि मालवणात सुकी मासळी कुणाच्या घरात नसते? वासाची लाज नव्हतीच हो—ती आईनं स्वतः वाळवलेली होती, याची होती.

मी अगदी शुद्ध मराठीत म्हटलं, "तुझी काहीतरी चूक होतेय. मी तुमच्या वाडीतल्या कुणाला ओळखत नाही."

आणि—हे गाळणार होते, पण नको—मी नाकाला रुमाल लावला.

कुसूमनं माझ्याकडे पाहिलं, मैत्रिणींकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. "चुकलंय," एवढंच म्हणाली आणि पुरचुंडी घेऊन परत गेली. मनात आणलं असतं तर माझं सोंग तिथल्या तिथे उघडं पाडू शकली असती. तिनं कधीच पाडलं नाही.

मी मात्र तिला वाऱ्यावर सोडलं. जिला नेमून दिलेली मुलगीच नाक झाकते, तिच्या शेजारी दुसरं कोण बसेल? ती विहिरीकडे एकटीच डबा खायची. मी तिथून जायचे, तेव्हा दुसरीकडे बघायचे. गणपतीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "तिचं मन रमत नव्हतं, सर." त्यांनी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

गणपतीतही घरी जायचं टाळलं होतं; दिवाळीत गेले. कुसूम आमच्या अंगणात आईसोबत मासळी निवडायला बसली होती. आता रोजच यायची म्हणे, शाळा सुटली ती सुटलीच. आईनं मला बघून हात पुसले.

"सुंगटां बरी लागली मां गो? कुसूम सांगत होतां, तू बसल्या जाग्यार सगळी खाल्लंस म्हणान."

कुसूमनं मान वर केली नाही. तिचे हात तेवढे थांबले.

"हो," मी म्हटलं. "सगळी खाल्ली."