तांबड्याचा पुढचा डावा पाय

शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, मैदानावर लोक बैलांची शिंगं पाहतात, छाती पाहतात, अंगावरची झूल पाहतात आणि मग मोठ्या तोऱ्यात सांगतात की आज हीच जोडी येणार. मला अशा लोकांचा राग येतो. शिंगांनी पळता आलं असतं तर म्हशींचेही पट भरले असते. पळायचं पायांनी असतं, आणि पाय पाहायचे तर खाली वाकावं लागतं. ते कोणाला नको असतं.

मी ऊर्जानगरला वीज केंद्रात फिटर आहे. मूळचा वरोऱ्याचा, नालबंदाचा मुलगा. दोर टाकून पाडलेल्या बैलांचे पाय धरून बसता बसता मी मोठा झालो, आणि नोकरीला लागलो तरी ते पाय डोक्यातून गेले नाहीत. मधली काही वर्षं पट बंद होते. ते पुन्हा सुरू झाल्यावर मी सुट्टी पाहून मोटरसायकलवर गावोगाव जाऊ लागलो, आणि माझं सांगणं खरं ठरतं अशी चर्चा झाली. पैशांच्या पैजेच्या भानगडीत मी पडत नाही. मला फक्त धाव सुटण्याआधी जोडी सांगायची असते आणि चार लोकांसमोर ती पहिली आलेली पाहायची असते. हा माजच आहे, मला कळतं.

पाहायची रीत अब्बांची. बैल सजवून मैदानात आणला की तो पाहायचा नाही. तिथे तो धुरकऱ्याच्या, म्हणजे हाकणाऱ्याच्या ताब्यात असतो, ढोलाने तापलेला असतो आणि दुखणं विसरतो. सकाळी पाण्यावर नेतात तेव्हा पाहायचा. तेव्हा तो आपल्या चालीने चालतो. ओल्या मातीत पुढच्या पायाचा ठसा उमटतो, त्याच्या किती पुढे किंवा मागे मागचा पाय पडतो ते बघायचं. पुढे पडला तर बैल मोकळा आहे. मागे राहिला तर त्याला कुठेतरी अडतंय. कान कसे आहेत, शेण कसं आहे, बसलेल्या जोडीतला कोणता आधी उठतो, हे सगळं त्यानंतरचं.

गेल्या जानेवारीत माजरीच्या अलीकडे एका गावात पट भरला. त्यात आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची जोडी होती. त्यांना मी भाऊच म्हणतो. त्यांच्या वडिलांचे बैलही नालांसाठी अब्बांकडेच यायचे. एक तांबडा, एक पांढरा, जुंपताना तांबडा डावीकडे. त्या हंगामात दोन पट त्यांनी मारले होते. भाऊंनी पन्नाशी गाठली, पण कासरा दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत.

मोठ्या लोकांच्या पटाच्या बैलांना खाण्याशिवाय काम नसतं. भाऊंची जोडी शेतातही राबते, कापूसही वाहते, म्हणून तिला नाल लागतात. आमच्याकडे पटाच्या आठ दिवस आधी असे नाल उतरवतात, खूर तासून सारखे करतात आणि मग रोज थोडं थोडं चालवून तळवा जमिनीला सरावू देतात. या वेळी भाऊंना कापसाच्या गडबडीत उशीर झाला. पटाला दोन दिवस उरले तेव्हा ते आले, बैल आमच्या अंगणात बांधले आणि कापसाचा हिशोब करायला जिनिंग मिलवर निघून गेले. मी दुसऱ्या पाळीला होतो. गल्लीतल्या दोघांनी पाय धरले आणि अब्बांनी सांजेच्या उजेडात आठही खूर तासले. अंधार पडल्यावर भाऊ बैल घेऊन गेले.

पटाच्या दिवशी अब्बा माझ्या मागे बसून आले. चहाच्या टपरीवर उतरतो न उतरतो तोच लोकांनी घेरलं.

"सांग ना बे, आज कोन?"

मी बैल पाहिलेच नव्हते. पण दोन पटांची चाल मला पाठ होती, खूर अब्बांच्या हातचे होते, आणि लोक तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "तांबडा-पांढरा. दुसरं कोनी नाई." अब्बा शेजारी बशीतला चहा फुंकत होते. त्यांना बरं वाटलेलं मला दिसलं.

मग मी हौदाकडे गेलो. कोळशाच्या ट्रकांनी त्या भागात रस्त्यावर काळी भुकटी पसरलेली असते. हौदाचं सांडलेलं पाणी त्यात मुरलं होतं, आणि अशा काळ्या चिखलात ठसा सुरेख उमटतो. भाऊ जोडी घेऊन आले, बैल पाणी प्यायले, वळले. मी खाली बसून पाहिलं. तांबड्याच्या पुढच्या डाव्या खुराचा बाहेरचा अर्धा भाग खोल उमटला होता आणि आतला अर्धा नुसता टेकला होता. मागचा पाय चार बोटं मागे पडला होता.

"भाऊ, परत एक चक्कर मारा."

"काऊन?"

"असंच."

भाऊ हसले आणि त्यांनी एक चक्कर मारली. दुसऱ्यांदाही तसंच.

नालबंदाच्या मुलाला हे कळायला कोणी सांगावं लागत नाही. आतल्या बाजूला तळवा जास्त तासला गेला होता, हत्यार जिवंत भागाच्या अगदी जवळ पोचलं होतं. रक्त आलं नसेल, वरून काही दिसणार नाही, उभा बैल शांत उभा राहील. पण वजन पडलं की आत ठणकणार. अशा पायाने छकड्यासकट जीव खाऊन पळायचं म्हणजे तो पाय जायबंदी व्हायची भीती, आणि ऐन धावेत बैल कोसळला तर हाकणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, खूर कोणी तासला. सगळ्या वरोरा-भद्रावतीत अब्बांचा हात म्हणजे डोळे मिटून विश्वास. त्यांच्याकडे आता दुसरं उरलंय काय? आणि खरं सांगायचं तर अर्ध्या तासापूर्वी टपरीवर दिलेला माझा शब्दही होताच. मी मनाशी म्हटलं, मैदान मऊ आहे, एक दिवसाचा प्रश्न आहे, निभेल. पटावरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी धावेआधी बैल तपासले, उभ्या तांबड्यात त्यांना काही खोट दिसली नाही. मला हायसं वाटलं, आणि त्याचीच आता लाज वाटते.

पहिली धाव अकराच्या सुमारास सुटली. डावीकडच्या पट्टीत एक काळी जोडी, उजवीकडे आमची. सुरुवातीला दोन्ही बैल एकाच्या पायाने दुसरा पळावा तसे गेले. लोक शिट्ट्या मारत होते. मी फक्त तांबड्याचा तो पाय बघत होतो. अर्ध्यापर्यंत ठीक होतं. मग त्याची टाप तोकडी पडू लागली. डावा बैल मागे ओढला की छकडा डावीकडे सरकतो, तसा तो सरकू लागला, मधली दोरी ओलांडून काळ्या जोडीच्या चाकाकडे. भाऊ कासरा खेचत अर्धे बाहेर लटकले. चाकाला चाक लागायला हातभर अंतर उरलं असेल. तेवढ्यात कासऱ्याच्या ओढीने छकडा सरळ झाला, पांढऱ्याने जोर मारला आणि जोडी थोडक्यात पहिली आली.

माइकवाला ओरडला. कोणीतरी माझ्या पाठीत धपका घातला, "मानलं तुले!" मला त्याचा हात झटकून टाकावासा वाटला.

शेवटची धाव तीनला होती. कडुनिंबाखाली भाऊ बैलांच्या अंगावर पाणी मारत होते, खुशीत होते. तांबडा पाय उचलायचा, टेकवायचा, परत उचलायचा. भाऊंना वाटलं माशा बसतायत. मी लांबून बघत होतो. एक वाजला, दीड वाजला. जेवण पुढे आलं, मी पान शेजाऱ्याकडे सरकवलं. दोन वाजता भाऊ जू हातात घेऊन उठले, तेव्हा मी चालत गेलो.

"भाऊ, तांबडा नका जुंपू आता."

"काऊन? सकाळी तूच त सांगत होता."

"सकाळचं सोडा. त्याचा पुढचा डावा दुखून राह्यला."

"डाक्टरनं पाह्यलं ना." भाऊंनी समोरच्या जोडीवाल्यांकडे नजर टाकली आणि परत माझ्याकडे पाहिलं. "कोनी पाठवलं तुले?"

हे मला झोंबलं. आमच्या दोन पिढ्यांच्या संबंधात असा प्रश्न कधी आला नव्हता. माझं डोकं फिरलं आणि मी घाईत एक खोटं बोललो, कारण मला तेच सोपं वाटलं.

"कोनी नाई पाठवलं. परवा खूर म्याच तासला. जास्त गेलं माह्याकडून."

अब्बा छकड्याच्या सावलीला बसले होते. मला वाटलं त्यांचा डोळा लागलाय. ते काठी टेकत उठले.

"काय म्हनला?"

मी तांबड्याच्या वेसणीला हात घातला.

"परवा तू कंपनीत होता. माह्या हातचं काम आपलं म्हून सांगून राह्यला?"

चार लोकांसमोर अब्बा माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. ते तांबड्याजवळ गेले, खांदा टेकवून त्याचा पाय उचलला आणि तळव्यावर अंगठा फिरवला. आतल्या बाजूला आल्यावर बैलाने पाय झटकला. अब्बांनी सोडला नाही. परत तिथेच हळू दाबून पाहिलं. मग पाय खाली ठेवला, कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि भाऊंना म्हणाले, "भाऊ, हे माहं काम हाये. याचं नाई. मले आता नीट दिसत नाई. लई दिवस झाले. म्या कोनाले सांगतलं नाई."

आजूबाजूला वीसेक माणसं होती.

भाऊंनी जू खाली ठेवलं. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि राग बरोबर होता. ते म्हणाले, "चाचा, माह्या बापाचे बैल तुमीच पाह्यले," आणि पाठ फिरवली. मग ते माइककडे चालत गेले. थोड्या वेळाने आमची जोडी धावणार नसल्याचं सांगितलं गेलं. गर्दीतून हुर्यो उठली. अब्बांनी हळद मागवली, तेलात कालवून तळव्याला लावली, वर फडकं बांधलं. भाऊ परत आले, शेजारी उभे राहून बघत राहिले, पण त्यांनी अब्बांना नको म्हटलं नाही.

शेवटची धाव न पाहताच आम्ही निघालो. वरोऱ्याच्या अलीकडे रेल्वेचं फाटक बंद होतं. मी इंजिन बंद केलं. कोळशाची मालगाडी जात होती, लांबलचक. घरात आम्ही हिंदीत बोलतो, पण जनावरांबद्दल काही बोलायचं असलं की अब्बा माझ्याशीही मराठीतच बोलतात. जन्मभर शेतकऱ्यांशी बोलून त्या कामाची भाषा त्यांना तीच झाली आहे. मागून त्यांचा आवाज आला.

"तुले कवा समजलं?"

मी 'दुपारी' म्हणू शकलो असतो. एक खोटं त्या दिवशी बोलून झालं होतं.

"सकाळी. पान्यावर."

अब्बा पुढे वाकले.

"मंजे पयल्या धावेच्या आंधी."

"हो."

अब्बांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

"मले दिसलं नाई म्हून म्या कापला," ते म्हणाले. "तुले त दिसलं होतं."