संकष्टीच्या सकाळची लाँच

मेहनतीवर भाषण देणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेनं असं लिहू नये, हे मला कळतं. पण तीस वर्षं रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिल्यावर एवढं बोलायचा अधिकार मी मिळवलाय. त्यात गेल्या महिन्यात आमच्याच शाळेच्या मंडपात, माझ्याच शेजारच्या खुर्चीवरून उठून जे भाषण झालं, ते ऐकल्यापासून तर माझं डोकं ठिकाणावर नाही.

भाषण करणारी माझी बालमैत्रीण. रेवसच्या अलीकडे आमचं गाव, आणि आमच्या दोन घरांमध्ये एक भाताचं खाचर. दोघी एका बाकावर शिकलो. ती पुढे सरकारी खात्यात मोठी साहेब झाली, मी जिल्हा परिषदेची बाई झाले. आधी तळा तालुक्यात, मग फिरत फिरत पुन्हा गावच्याच शाळेत. आता ती निवृत्त झाली म्हणून गावानं सत्कार ठेवला. बाईसाहेब गाडी सोडून मुद्दाम लाँचनं आल्या, का तर जुन्या आठवणी. धक्क्यावर उतरताना फोटोही काढून घेतले.

माझी मुलगी मागे लाऊडस्पीकरपाशी बसली होती. दोन वर्षं तिनं भरतीच्या परीक्षेचा अभ्यास केला होता. या वेळी ऐन पेपराच्या दिवशी तापानं फणफणली, तशीच जाऊन बसली, आणि थोडक्यात राहिली. निकाल लागल्यावर तिनं सगळी पुस्तकं पोत्यात भरून खाटेखाली ढकलली आणि म्हणाली, मीच कमी पडले. मी परोपरीनं सांगून पाहिलं, पण आईचं सांगणं ते आईचंच. मला वाटलं, निदान ही मोठी साहेब दोन बरे शब्द बोलेल.

साहेब बोलल्या. नशीब हे आळशी माणसाचं निमित्त आहे म्हणाल्या. आपण चार वाजता उठायचो, कंदिलाशी अभ्यास करायचो, वगैरे. कंदील खरा, चार वाजता उठणं धादांत खोटं. तिला उठवायला तिची आई तोंडावर पाणी मारायची, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. तरी मी गप्प होते. सत्काराला माणूस थोडं वाढवून बोलतोच. मग ती म्हणाली, "मुलाखतीला आम्ही दोघी निघणार होतो, मी आणि माझी एक मैत्रीण. मी पोचले, ती पोचलीच नाही. मुलांनो, फरक एवढाच असतो. कुणाला किती हवंय, याचा."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, सगळा मंडप माझ्याकडे बघत होता. मागे माझ्या मुलीनं मान खाली घातली. तिला माझी लाज वाटली की स्वतःची, ते मला तेव्हा कळेना.

त्या दिवसाचं खरं असं आहे. जागा एकच, आणि आमच्या बाजूनं मुलाखतीला बोलावलेल्या आम्ही दोघीच. मुंबईत सकाळी अकराला हजर राहायचं होतं. मुंबईची लाँच सुटते त्या रेवसच्या धक्क्याला गाळ फार, ओहोटी लागली की पाणी मागे हटतं आणि चार तास लाँच बंद. म्हणून आमच्याकडे कुठेही निघायचं तर आधी पाण्याची वेळ काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यात सहा मिळवले की ओहोटीची. ओहोटीच्या दोन तास आधी आणि दोन तास नंतर धक्का कोरडा. हे मला बाबांनी शिकवलं होतं. ते मुंबईला गोदीत होते, सुट्टीला घरी यायचे. मैत्रिणीला हा हिशेब कधी जमला नाही. ती मला विचारायची आणि माझ्या भरवशावर निघायची.

पण तिथी आणायची कुठून? आमच्या घरात पंचांग नव्हतं. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी ते घरातून गेलं, ते परत आलं नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. पाण्यापुरती तिथी आम्ही शेजारच्या उपवासांवरून धरायचो. आदल्या संध्याकाळी मी खाचर ओलांडून मैत्रिणीच्या आईला विचारलं. त्या साबुदाणा भिजत घालत होत्या. म्हणाल्या, "उद्याच हाय गं संकष्टी." संकष्टी म्हणजे चौथ. चौथीची पाऊणपट तीन, अधिक सहा, म्हणजे नवाला ओहोटी. सातपर्यंत पाणी. मी मैत्रिणीला सांगून टाकलं, पावणेसातची लाँच मिळते, साडेसहाला धक्क्यावर ये.

संकष्टी धरतात ती चंद्रोदयाला असलेल्या चौथीवरून. सकाळी तीजच असू शकते आणि चौथ दुपारनंतर लागू शकते. उपवास करणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. मला पडला. तिजेची ओहोटी पाऊण तास आधी, म्हणजे सव्वासहालाच धक्का कोरडा. मी साडेसहाच्याही आधी, केस घट्ट बांधून, प्रमाणपत्रांची पिशवी छातीशी धरून धक्क्याच्या पार टोकाला पोचले, तर लाँच चिखलात कलंडलेली. खलाशी विडी ओढत बसला होता. म्हणाला, "पानी गेला, ताई. आता धाच्या आत काय न्हाय."

मैत्रीण नेहमीप्रमाणे उशिरा आली. मी टोकाला होते, ती धक्क्याच्या तोंडाशी, जिथे रस्ता संपतो. लाँचसाठी आलेली कुणा डॉक्टरांची पांढरी गाडी, लाँच नाही कळल्यावर तिथूनच रस्त्यानं मुंबईला जायला वळत होती. मैत्रिणीनं हात केला. गाडी थांबली. मी ओरडत धावत सुटले, पण धक्का लांब आणि वारा समोरून. ती बसली, गाडी गेली. दहानंतरच्या लाँचनं मी मुंबईत पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते आणि शिपाई खुर्च्या उचलत होता.

त्यावर मी आयुष्यभर एकच समजूत घातली. गाडीत एकच जागा असणार. वेळेवर गेले म्हणून मी टोकाला होते, उशिरा आली म्हणून ती तोंडाशी होती. याला नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं. चूक असलीच तर माझ्या हिशेबाची. तिच्यावर मी रागावले नव्हते, हे मुद्दाम सांगते.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. माईक हातात घेतला आणि हे सगळं सांगून टाकलं. साबुदाण्यापासून शिपायापर्यंत. म्हटलं, पाहुण्यांनी मेहनत केली, मीही तेवढीच केली. त्या उशिरा आल्या आणि त्यांना गाडी भेटली. गाडीत एकच जागा होती, दुसरी असती तर त्यांनी मला हाक मारलीच असती. तेव्हा मुलांनो, अभ्यास करा, पण राहिलेल्या माणसाला आळशी म्हणू नका. लोक हसले, टाळ्याही पडल्या. सरपंच घड्याळ बघायला लागले. मैत्रीण हसली नाही.

नंतर शिक्षकांच्या खोलीत मुलीनं चहा आणला. इतर मंडळी जेवणाच्या पानांकडे गेली होती, आम्ही तिघीच होतो. मैत्रिणीनं कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला.

"मागे मी एकटीच होते," ती म्हणाली.

मला आधी कळेना, ती काय सांगतेय.

"गाडीत. तू धावत येताना दिसलीस. डॉक्टरांनी विचारलं, अजून कुणी आहे का. मी नाही म्हटलं. पद एकच होतं गं."

तीस वर्षं मी चंद्राला दोष दिला, पंचांगाला दिला, स्वतःच्या पाढ्यांना दिला, आणि ही बाई मागच्या सीटवर पाय पसरून गेली होती. वर मंडपात मुलांना सांगते, कुणाला किती हवंय. तिला मारावंसं वाटलं, खरंच वाटलं. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मला घरी आल्यावर पडला. पण त्या क्षणी असला शहाणपणा मला सुचला नाही आणि सुचायला नकोही होता.

ती पदर सावरत उठली. सवयीनं, अगदी शाळेतल्यासारखं, तिनं मला विचारलं, शेवटच्या लाँचला पाणी आहे ना गं? तिला घेऊन आलेला रिक्षावाला दुसरं भाडं घेऊन अलिबागला निघून गेला होता. त्या दिवशी बीज होती. बीजेची पाऊणपट दीड, ओहोटी साडेसातला, साडेपाचनंतर लाँच सुटणार नव्हती. पाच वाजायला आले होते. मला सगळं पाठ होतं.

"आज बीज आहे," मी म्हटलं. "हिशेब तुझा तू कर."

पाऊणपट तिला आजही येत नव्हती. मी कपबशा गोळा करू लागले. माझ्या मुलीनं भिंतीवरच्या खिळ्यावरून स्कूटरची चावी काढली आणि म्हणाली, "चला मावशी, अर्धा तास आहे. मी सोडते." मी डोळे वटारले, पण ती माझ्याकडे न बघताच बाहेर पडली. मैत्रीण तिच्या मागून गेली. माझा निरोप घ्यायचं धाडस तिला झालं नाही.

मुलगी अंधार पडायच्या आत परत आली. लाँच मिळाली म्हणाली. मी भाकऱ्या थापत होते आणि दर भाकरीला त्या बाईचा उद्धार करत होते. तिला बुडू दे म्हटलं असतं तरी कमीच होतं. शेवटी न राहवून विचारलं, एवढं सगळं ऐकूनसुद्धा तू तिला सोडायला गेलीस कशाला?

"मागे जागा होती म्हणून," ती म्हणाली आणि वाकून खाटेखालचं पुस्तकांचं पोतं बाहेर ओढू लागली.