उघड्या डोळ्यांची प्रार्थना

रिबकाबाई भिंगारदिवे भित्र्या होत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कडा गावच्या बाजारात आता त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते ऐकून कुणालाही वाटेल, ही बाई काळजात वाघ घेऊनच जन्माला आली. तसं काही नव्हतं. कुत्रं भुंकलं तरी त्या रस्ता बदलायच्या. वीज कडाडली की हातातलं भांडं तसंच अंगणात टाकून घरात पळायच्या. नवरा याकोब ख्रिस्ती मंडळीच्या भजनात ढोलकी वाजवायचा. तो चेष्टेनं म्हणायचा, "आमच्या रिबकाला स्वर्गाच्या दारातबी कुणीतरी ढकलून आत घालावं लागंल."

याकोब वारला, लेक पुण्याला कामाला लागला, आणि कड्यापासून आत, पांदीच्या टोकाला असलेल्या वस्तीवर रिबकाबाई एकट्या राहिल्या. गोधड्या शिवायच्या, दोन शेळ्या राखायच्या, रविवारी चालत कड्याला उपासनेला जायचं. वस्तीवर ख्रिस्ती घर हे एकच. पण लग्न असो की मयत, रिबकाकाकूंवाचून कुणाचं पान हलत नसे.

त्या हिवाळ्यात शिवारात बिबट्या आला. आधी कुत्री कमी झाली, मग एक वासरू गेलं, आणि मग शेजारच्या गावात बांधावर गवत कापणाऱ्या माणसाचा त्यानं जीव घेतला. वनखात्यानं पिंजरा लावला, आत बोकड बांधला. पहिल्याच रात्री पिंजऱ्यात अडकलं ते वस्तीतलंच एक चोरटं कुत्रं. लोक हसले, पण हसून झाल्यावर प्रत्येकानं दाराची कडी नीट बसते का ते पाहिलं.

शाळा कड्याला. वाट पांदीची; एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला तूर, मध्ये ओढ्याचं वळण. पोरांना त्यांचे बाप मोटारसायकलवर सोडू लागले. पोरींना मात्र सांगण्यात आलं, बिबट्या धरला जाईपर्यंत घरी बसा. गाडीवर एकावेळी किती बसणार, आणि आधी कोण बसणार, हे काही कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

राधाकिशनची आरोही दहावीत होती. राधाकिशन काही वाईट माणूस नव्हता. घरची बागायत, शब्दाला पक्का, पोरीवर जीव. पण पोरगी घरी बसलेली दिसली की पाहुण्यांना लगेच स्थळं सुचतात. गेवराईकडचं एक स्थळ आलं. घर बरं होतं, मुलाचा ट्रॅक्टर होता. कायद्याला अठरा वर्षं लागतात हे सगळ्यांना माहीत असतं, आणि हळद गुपचूप कशी लावायची हेही सगळ्यांना माहीत असतं.

आरोही रिबकाबाईंकडे गोधडीचे टाके शिकायला यायची. त्या दिवशी तिनं सुई ओवलीच नाही.

"काकू, हजेरी भरली न्हाई तर परीक्षेला बसू देणार न्हाईत. आन परीक्षेला न्हाई बसले, तर ह्याच उन्हाळ्यात माझं लगीन लावत्याल."

रिबकाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि ती गेल्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली, "प्रभू, ह्या लेकराला शाळंत न्यायला कुणाला तरी पाठव." अशी प्रार्थना करताना माणूस आपलं स्वतःचं नाव हुशारीनं वगळतो. पण उठता उठता त्यांच्या लक्षात आलं की या वस्तीवर सकाळच्या वेळी मोकळं असलेलं माणूस एकच आहे. त्यांना देवाचा थोडा रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्या राधाकिशनच्या ओट्यावर गेल्या. "मी नेते पोरींला. सोडते आन आणतेबी." राधाकिशन आधी हसला, कुत्र्याला भिणारी बाई बिबट्याच्या वाटेनं जाणार म्हणते. पण बायकोच्या आणि पोरीच्या डोळ्यांकडे बघून हो म्हणाला. आरोहीबरोबर इलियास मेकॅनिकची अस्मा निघाली. आणखी कुणी आपली पोर दिली नाही.

पहिल्याच सकाळी घोळ झाला. ओढ्याच्या वळणावर ऊस वाऱ्यानं खसखसला आणि रिबकाबाईंचा धीर सुटला. मग त्यांनी तेच केलं, जे त्या आणि त्यांची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या करत आली होती. "पोरींनो, प्रार्थना करू," असं म्हणून त्या वाटेतच गुडघ्यांवर बसल्या, डोक्यावर पदर घेतला, मान खाली घातली आणि डोळे गच्च मिटले. काकू म्हणतात म्हणून दोघी पोरीही ओढण्या डोक्यावर घेऊन शेजारी वाकून बसल्या. शास्त्रात लिहिलंय तसं सगळं मनापासून चाललं होतं.

तेवढ्यात मोटारसायकल कच्चकन थांबली. वनरक्षक प्रविण होता.

"काकू, उठा आधी. उभ्या ऱ्हावा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बिबट्याला उभं माणूस माणूस दिसतं. वाकलेलं माणूस त्याला शेळी वाटतं. तो गवत कापणारा वाकलेलाच होता. आन तुमी तर डोळेबी मिटून बसलाव."

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली. कुणीतरी तिला तिखटमीठ लावलं, की भिंगारदिवेबाई पोरींना किरिस्ताव करतेय. राधाकिशननं ते उडवून लावलं. "प्रार्थना कर न्हाईतर भजन कर, माझं काही म्हणणं न्हाई. पण माझी पोरगी बिबट्यापुढं वाकवलीस कावून?" रागाच्या भरात तो काकूंना एकेरीवर आला होता. रिबकाबाईंना इतकी लाज वाटली की दोन दिवस त्या आडावर गेल्या नाहीत. आयुष्यभर जी एक गोष्ट आपल्याला नीट येते असं त्यांना वाटत होतं, तीच अंगलट आली होती.

रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी पाळकसाहेबांना गाठलं. शांतवन पाळक तीन गावच्या मंडळ्या सांभाळायचे आणि आयुष्य निम्मं मोटारसायकलवर काढायचे.

"साहेब, डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना चालती का?"

"मी रोज गाडी चालवताना करतो," पाळक म्हणाले. "डोळे मिटून केली असती तर प्रभूकडं कवाच पोचलो असतो."

रिबकाबाई हसल्या नाहीत. "आन उभ्यानं?"

पाळकही मग गंभीर झाले. "रिबकाबाई, गुडघे आपण आपल्यासाठी टेकतो. त्याला काय, तुमी पळत असलात तरी ऐकू येतं. पण तुमी पळू नका."

एवढं त्यांना पुरलं. परतताना त्या ओढ्याच्या वळणावर एकट्या उभ्या राहिल्या, ताठ मानेनं, डोळे उघडे ठेवून, आणि मोठ्यानं बोलल्या. आधी फार विचित्र वाटलं, देवाशी नजर भिडवल्यासारखं. मग बरं वाटलं. ऊस दिसत होता, आभाळ दिसत होतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो यातच कुठंतरी होता. आपण इतकी वर्षं भीतीपोटीच डोळे मिटत होतो की काय, असंही त्यांच्या मनात आलं.

त्यांनी प्रविणला बरोबर घेतलं आणि पुन्हा राधाकिशनचा ओटा चढल्या. प्रविणनं सांगितलं, एकमेकींपासून चार पावलांच्या आत राहून चालल्या, ताठ राहिल्या, आवाज करत गेल्या तर धोका कमी. राधाकिशननं बराच वेळ मिशीला पीळ दिला.

"ठीक हाय. पण एक अट. तो एकदा जरी दिसला, तर मला सांगायचं. मग शाळा बंद. शब्द द्या."

रिबकाबाईंनी शब्द दिला.

मग वाटेवर रोज सकाळी खंजिरी वाजू लागली. रिबकाबाई पुढं, पोरी मागं, आणि तोंडानं भजन. अस्माला दुसऱ्या आठवड्यातच चाली पाठ झाल्या. ती मधेच आपल्या आवडीची सिनेमाची गाणी घुसवायची आणि रिबकाबाई ते न कळल्यासारखं करायच्या. वस्तीवरच्या बायका म्हणू लागल्या, काकूंची वरात निघाली.

आणि एका सकाळी तो दिसला. ऊन चांगलं वर आलं होतं. वळणावर, बांधावर, तो निवांत बसला होता, अंगणात बसलेल्या मांजरासारखा. खंजिरी थांबली. आरोहीनं काकूंचा पदर मुठीत धरला. अस्मा तिच्या घरची दुआ पुटपुटू लागली.

रिबकाबाईंच्या अंगातला सगळा जीव सांगत होता, बस खाली, मिट डोळे. त्या बसल्या नाहीत. त्याच्याकडे बघतच त्या मोठ्यानं म्हणाल्या, "प्रभू, जनावर तुझं हाय, तूच त्याला आवर. ह्या पोरीबी तुझ्याच हायेत. माझे पाय लई पळायला बघत्यात, त्येवढे धरून ठेव." मग त्यांनी खंजिरीवर जोरात थाप मारली. परत मारली. पोरींनीही आवाज लावला. भजन, गाणं, जे तोंडात आलं ते. बिबट्यानं कान हलवले, त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि उठून तुरीत शिरला.

वस्ती मागं जवळ होती, शाळा पुढं लांब. पोरींनी काकूंकडे बघितलं. "चला," रिबकाबाई म्हणाल्या, आणि त्या शाळेकडे चालू लागल्या.

शाळेच्या फाटकात आरोहीनं त्यांचा हात धरला. "काकू, बाबांला सांगू नका. आपण तिघींनीच बघितलंय." अस्मानंही मान हलवली. परतीच्या वाटेवर बिबट्याची आठवणही त्यांना झाली नाही, इतकी त्यांना राधाकिशनच्या ओट्याची भीती वाटत होती. गप्प राहिलं तर पोरगी शिकते. सांगितलं तर तिचं लग्न लागतं. पण ज्या प्रभूच्या जोरावर आपण आज उभ्या राहिलो, त्याच्यासमोर खोटं कसं बोलायचं? आज लपवलं तर उद्या त्या वाटेवर कुणाच्या भरवशावर जायचं? त्या घरी गेल्याच नाहीत. सरळ राधाकिशनकडे गेल्या.

तो ओट्यावर बैलाचा कासरा वळत बसला होता.

"राधाकिशन, आज दिसला," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. "वढ्याच्या वळणावर." मग त्यांनी काही न गाळता सगळं सांगितलं. "शब्द दिलता म्हणून सांगाया आले. पण शाळा बंद करू नका. तुमची पोरगी पळाली न्हाई. अशी पोरगी तुमी घरात कावून बसवता?"

राधाकिशनचे हात थांबले होते. "रडली का?"

"न्हाई. माझा पदर धरला व्हता. पण उभी व्हती."

त्यानं कासरा खाली ठेवला. मग आत बायको नाही असं बघून हळू आवाजात बोलला. "काकू, मागल्या महिन्यात मलाबी दिसलता. त्याच वळणाला. संगं बैल व्हता. मी कासरा टाकून पळालो. बैल मागून आपला आपण घरी आला. घरात सांगितलं, कासरा तुटला म्हणून." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं, जिथं मी उभा ऱ्हायलो न्हाई, तिथं पोरगी काय ऱ्हाईल."

रिबकाबाई पहिल्यांदाच ओट्याच्या कडेला टेकल्या.

"तुमचं भ्या गेलं कसं, काकू?"

"गेलं न्हाई. हे पाय बघा, आजून कापत्यात. पण मी एकटी उभी न्हाई, हे मला पक्कं ठावं हाय. तवाबी ठावं व्हतं."

राधाकिशननं खिशातून फोन काढला आणि गेवराईला लावला. राम राम झाला, पीकपाणी झालं. "न्हाई हो, स्थळात काही खोट न्हाई," तो म्हणाला. "पोरगी शिकतीय. तिचं शिकून झाल्यावर तिलाच इचारू." पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

रिबकाबाई जायला उठल्या तसा तोही उठला.

"उद्या सकाळी मीबी येतो," तो म्हणाला. "पण पुढं तुमी चाला, काकू."