टेपवरची शांतता

समोरच्याचे म्हणणे खोडण्याआधी सर ते आपल्या शब्दांत मांडून दाखवत आणि विचारत, "असंच ना?" समोरचा "हो, असंच" म्हणेपर्यंत ते स्वतःचे मत उघड करत नसत. रविवारी दुपारी लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्यांच्या घरी आठ-दहा माणसे वादाला जमत, त्यांतली बहुतेक हॉस्पिटलमधली डॉक्टर मंडळी. एकेका मुद्द्याला तास-दीड तास लागे. "तोवर आमचा पेशंट दगावेल," असे एक सर्जन कुरकुरत. सर म्हणत, "माझा पेशंट म्हणजे तुमचं वाक्य. त्याला घाई नाही."

सर लंडनमध्ये समाजशास्त्र शिकवत. नवऱ्यामागून ब्रिटनमध्ये आलेल्या मराठी बायका हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. घरोघरी जाऊन ते मुलाखती टेप करत. मी तेव्हा हॅरोतल्या एका साप्ताहिकात शिकाऊ बातमीदार होतो आणि टायपिंग बरे होते, म्हणून टेप उतरवण्याचे काम माझ्याकडे आले. मी वीस वर्षांनी लहान असूनही ते मला अहो-जाहो करत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितले, "बोलणं कोणीही उतरवील. तुम्ही थांबणं उतरवा." तेव्हापासून मी घड्याळ लावून शांतता मोजू लागलो आणि कंसात सेकंद लिहू लागलो.

सरांचा सगळा सिद्धान्त या कंसांवर उभा होता. इथल्या पहिल्या वर्षांबद्दल विचारले की बाई मध्येच गप्प होई आणि उठून स्वयंपाकघरात जाई. सरांनी लावलेला अर्थ असा, की हा संकोच नव्हे, नकार आहे. घरात जिला नाही म्हणता येत नाही, ती चहाच्या निमित्ताने नाही म्हणते. हे मांडणारा त्यांचा लेख गाजला. काहींनी डोक्यावर घेतला, काहींनी शून्याचे वाचन म्हणून हिणवला. त्यावरचे पुस्तक एका विद्यापीठाच्या प्रकाशनाने स्वीकारले होते. सरांच्या विभागात तेव्हा नोकरकपात चालू होती. "पुस्तक आलं तर मी राहतो," चष्मा पुसत ते एकदा म्हणाले. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

तो लेख, मुलाखत दिलेल्यांपैकी कॉव्हेंट्रीच्या सुमनताईंच्या मुलीला कॉलेजात वाचायला लागला. नाव बदलले होते, तरी तिने आईला ओळखले. एका रविवारी मायलेकी पिनरला आल्या.

"सर, मम्मीला मी सगळा ट्रान्सलेट करून सांगितला," मुलगी म्हणाली. "शी वॉज रिअली अपसेट."

"डॉक्टर, मी नकार दिला असं लिहिलंत," सुमनताई सरांना म्हणाल्या. "कशाला दिला मी नकार?"

सर सवयीने सुरू झाले. "तुमचं म्हणणं असं, की तुम्ही संकोचून उठलात. असंच ना?"

"नाही."

"मग त्या आठवणी नको होत्या म्हणून?"

"नाही हो! तुमचा कप रिकामा झाला होता. पाहुण्यापुढे रिकामा कप ठेवून मी माझी कर्मकहाणी सांगत बसू?"

खोलीत हशा पिकला. सर्जन सर्वांत मोठ्याने हसले. सर हसले नाहीत. "म्हणजे मी चहा संपवला, म्हणून तुम्ही उठलात. असंच ना?"

"हो. असंच."

सर चहा कढत कढत, चार घोटांत संपवत. हे मी शेकडो वेळा पाहिले होते आणि एकदाही लिहून ठेवले नव्हते. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी सगळ्या टेप पुन्हा ऐकल्या. बहुतेक शांततांच्या आधी बशीवर कप टेकल्याचा आवाज होता. काहींच्या आधी नव्हता. तिथे कप हळू ठेवला गेला असेल, किंवा खरोखरच काही असेल. ठरवण्याचा मार्ग नव्हता.

विभागातल्या मित्रांचा सल्ला एक तळटीप टाकून मोकळे होण्याचा होता. माझाही तोच. "एका बाईच्या सांगण्यावरून पुस्तक थांबवू नका, सर."

"तुमचं म्हणणं असं, की वाचकाला कप ऐकू येणार नाही. असंच ना?"

मी "हो" म्हणालो. त्याच दुपारी त्यांनी प्रकाशकांना पत्र लिहून पुस्तक मागे घेतले. लेखावर दोन पानांचा खुलासा स्वतःच्या नावाने छापून आणला. विरोधकांनी मूळ लेख कधी उद्धृत केला नव्हता, ती दोन पाने मात्र ते वर्षानुवर्षे उद्धृत करत राहिले. विभाग बंद झाला आणि सरांना मुदतीआधी निवृत्ती घ्यावी लागली. रविवारची माणसे एकेक करून यायची थांबली. सर्जन सर्वांत शेवटी.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर घर विकून सर सांगलीला बहिणीकडे जायला निघाले. निरोप घ्यायला मी गेलो तेव्हा भिंतीला खोकी लावलेली होती. टेपचे खोके त्यांनी माझ्यासाठी वेगळे काढले होते. त्यांनी चहा केला आणि आम्ही समोरासमोर बसलो. इतकी वर्षे न विचारलेला प्रश्न मी विचारला.

"सर, पुस्तक मागे घेतल्याचा पश्चात्ताप होतो का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. या वेळी त्यांनी माझे म्हणणे आपल्या शब्दांत मांडले नाही. "चहा टाकतो," म्हणत ते उठले आणि आत गेले.

जुन्या सवयीने मी घड्याळाकडे पाहिले. दोन मिनिटे दहा सेकंद. टेबलावर दोन कप होते. दोन्ही भरलेले.