वेंकोजीअण्णा आणि पित्ताशयाचा रोबो

जयनगरातल्या त्या घराचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला मी गेले, तेव्हा घरमालक वेंकोजीअण्णांनी ना पगार विचारला, ना लग्न झालंय का ते. त्यांनी विचारलं, "आजवर तुझ्या हातनं काय काय बिघडलं?" मी गडबडले. माझ्या एका चुकीमुळे कंपनीच्या ॲपवरून लोकांना एकच निरोप चाळीस वेळा गेला होता, ते सांगून टाकलं. "सरी," अण्णा म्हणाले, "राहायला केव्हा येतेस?"

हा प्रश्न ते सुताराला विचारत, वायरमनलाही विचारत. "काहीच नाही बिघडलं" म्हणणाऱ्याला कॉफी मिळायची, काम मिळायचं नाही.

अण्णांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे कन्नड मुलखात आलेलं. मराठी टिकली होती, पण तिच्यात थोड्याला 'स्वल्प' आणि ठीकला 'सरी' असे कन्नड शब्द मीठमिरचीसारखे पडत. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मोटारींची दारं जोडणाऱ्या रोबोंची देखभाल त्यांनी बावीस वर्षं केली होती. "यंत्र चुकत नाही गं," ते म्हणत, "त्याला सांगणारा चुकतो. मग ते ती चूक अगदी बरोब्बर करतं."

एका लग्नात बिसिबेळे भात दोनदा घेतल्यावर त्यांच्या उजव्या बरगडीखाली कळ उठली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. त्यांची पत्नी सरसूअक्का आणि मी त्यांना इस्पितळात घेऊन गेलो. तिथं कोट घातलेल्या एका मुलीनं गुळगुळीत पुस्तिका पुढं केली. "रोबोटिक करून घ्या अंकल. हात अजिबात थरथरत नाही."

"कुणाचा?"

"रोबोचा."

"त्याचा मला ठाऊक आहे. त्याला चालवणार कोण?"

मुलगी समजुतीनं हसली. "नव्या तंत्रज्ञानाची भीती वाटतेच हो जुन्या लोकांना." त्या मजल्यावर रोबो उघडून आत पाहिलेला बहुधा एकच माणूस होता, आणि त्याला ती धीर देत होती.

सर्जन डॉक्टर शैलजांना अण्णांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. अक्कांनी त्यांना चिमटा काढला. बोलणं कन्नडात चाललं होतं. मला कळलं तेवढं सांगते. डॉक्टरांनी उठून दार लावलं.

"रोबो आपण होऊन काही करत नाही," त्या म्हणाल्या. "मी बाजूला बसून त्याचे हात हलवते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अवजारं माझ्याच हातात असतात. पोटाला छोटी भोकं दोन्ही पद्धतींत. साध्या पित्ताशयाला फारसा फरक पडत नाही, रोबोचा खर्च मात्र जास्त. दुर्बिणीनं मी वर्षानुवर्षं करतेय. रोबोवर नऊ केल्यात." मग म्हणाल्या, "आणि बिघडलं म्हणाल तर, एका बाईंची पित्तनलिका माझ्या हातनं दुखावली. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. त्या बऱ्या झाल्या. मी त्यांचं नाव विसरलेले नाही."

"दुर्बिणीनं करा," अण्णा म्हणाले. "तुम्हीच."

तासाभराचं काम म्हणून अण्णांना आत नेलं. अडीच तास झाले. अक्का माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. शेवटी डॉक्टर बाहेर आल्या. आत सूज फार होती, सगळं एकमेकांना चिकटलेलं होतं आणि नलिका नीट दिसत नव्हती. म्हणून दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागलं. जिवाला धोका नव्हता. पण चार भोकांच्या जागी वीतभर टाके आले होते.

"रोबो घेतला असता तर!" असं नातेवाइकांतल्या प्रत्येकानं म्हणून घेतलं. पुस्तिका मात्र कुणीच वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "माफ करा अण्णा." अण्णा खोकताना पोटावर उशी दाबून धरत होते. खोकला ओसरल्यावर म्हणाले, "दिसेना तेव्हा तुम्ही थांबलात. आमच्या रोबोसमोर एकदा दारच आलं नाही, तरी त्यानं हवेत जोडणी केली. अर्धी पाळी करत होता." आणि हसू आल्यामुळे कळवळले.

घरी आल्यावर इस्पितळातून फोन आला. "लहान छेदाच्या शस्त्रक्रियेचा अनुभव एक ते पाचमध्ये किती?"

"छेद मोठा आहे," अण्णा म्हणाले. "डॉक्टरला पाच लिहा."

टाके भरले, बिसिबेळे भात पुन्हा सुरू झाला. तरी अण्णा दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जात. मी गाडीनं सोडायची. आत काही गंभीर आहे आणि ते अक्कांपासून लपवताहेत, अशी मला शंका होती. विचारलं की म्हणत, "स्वल्प काम आहे."

मागच्या वर्षी एका दुपारी अण्णा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. हृदय थांबलं होतं. डॉक्टर शैलजा भेटायला आल्या, अक्कांजवळ बराच वेळ बसल्या. निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले तेव्हा मी विचारलं, "अण्णांना नेमकं काय झालं होतं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "त्यांच्या शस्त्रक्रियेनंतर मलाच भीती बसली होती. प्रत्येक पोटापुढं हात अडायचा. ते त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. यायचे, समोर बसायचे, या आठवड्यात किती केल्या विचारायचे. मी सांगितलं की उठून जायचे."

त्यांनी गाडीचं दार उघडलं.

"फाइलवर मी दर वेळी 'तपासणी' असं लिहायची. कुणाची, ते लिहायला तिथं रकाना नव्हता."