ठेवीचा पाळणा

बाईंच्या केंद्रात भिंतीवर बऱ्याच पाट्या होत्या, पण जो नियम सगळ्यांना पाठ होता तो कुठेच लिहिलेला नव्हता. ठेव मागायला कोणी आलं तर द्यायची. कारण विचारायचं नाही.

नियम बाईंचाच होता, आणि अकरा वर्षांपूर्वीचा. तेव्हा मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं जळली होती. रस्त्याच्या एका अंगाला बेकरी, दुसऱ्या अंगाला पाण्याची टाकी. दोन्हीकडची भाषा वेगळी, प्रार्थना वेगळी. पाव मात्र एकाच भट्टीचा आणि पाणी एकाच टाकीचं. दोन्हीकडचे लोक स्वतःला ‘अलीकडचे’ म्हणायचे आणि समोरच्यांना ‘पलीकडचे’. केंद्र सुरू झाल्यावर बाईंनी हे दोन शब्द बंदच करून टाकले. “इथं कोणी पलीकडचा नाही,” त्या म्हणायच्या. “फार तर बेकरीकडचा, नाहीतर टाकीकडचा.”

बाई स्वतः बेकरीकडच्या. टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होत्या, दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलायच्या. जाळपोळीच्या त्या तीन दिवसांत त्या खुर्चीवरून जवळजवळ उठल्याच नाहीत. इकडच्या आईला तिकडे अडकलेल्या लेकाशी, तिकडच्या म्हाताऱ्याला इकडच्या डॉक्टरशी जोडून देत राहिल्या. देव प्रत्येकाला कुठल्यातरी कामासाठी जीभ देतो. बाईंची त्याने माणसं जोडायला दिली होती. पुढे नोकरी सोडून त्यांनी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत केंद्र काढलं, तेव्हा लोक हसले. भाषणं ऐकून कधी कोणी हातातली काडी टाकली आहे का, म्हणाले. बाईंनाही ते पटत होतं. म्हणून त्यांनी भाषणं ठेवलीच नाहीत. ठेवी ठेवल्या.

बेकरीकडच्या एका घराने आपली जिवापाड जपलेली वस्तू टाकीकडच्या एका घरी ठेवायची, आणि त्यांची आपल्या घरी आणायची. कोणाची बायकोने विणलेली शाल, कोणाचा बापाचा रेडिओ, कोणाचं लेकाचं पहिलं बक्षीस. ज्या घरात आपल्या आईची पेटी आहे त्या घरावर दगड उचलताना हात अडखळतो, एवढा साधा हिशेब. अशा एकतीस जोड्या जमल्या होत्या. आणि कारण का विचारायचं नाही? कारण विचारलं की संशय आला, आणि संशय आला की ती ठेव राहत नाही, ओलीस होते. बाईंनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं की पोरंसोरंही त्यांची नक्कल करत.

बाईंची स्वतःची जोडी होती छत्रीवालीशी. ही टाकीकडची विधवा बाई छत्र्या दुरुस्त करायची. तोंडात तारेचा तुकडा धरून बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं समोरच्याने भरून घ्यायचं. तिच्या आईचा आरसा बाईंच्या घरी, आणि बाईंचा पाळणा तिच्याकडे. बाईंच्या सासऱ्यांनी स्वतः रंधा मारून केलेला तो शिसवी पाळणा. त्यात बाईंचा नवरा वाढला, मुलगा वाढला, आणि एक मुलगी, जी चाळीस दिवसांची होऊन गेली.

अकरा वर्षांत जेमतेम चार ठेवी परत गेल्या होत्या. कोणी गाव सोडलं, कोणाच्या लेकीचं लग्न ठरलं.

आणि मग त्या मंगळवारी न्हावी आला. ठेव परत घेतली की केंद्रात कळवायची पद्धत होती. तो दारातच उभा राहिला, पायपुसण्यावर पाय पुसत राहिला, पण आत काही येईना.

“बाई, रेडिओ घरी आणला.”

“बरं,” बाई म्हणाल्या.

“धाकटीला गाणी ऐकायची असतात हो.”

“मी विचारलं का?”

“नाही, म्हणजे... तुम्हाला तर ठाऊकच असणार.” आणि तो निघून गेला.

बुधवारी शाळेतला कारकून. गुरुवारी दोघी जावा, एकाच वेळी, एकमेकींकडे न बघता. प्रत्येक जण न विचारता कारण सांगत होता, आणि प्रत्येकाचं कारण आदल्या दिवशी आरशासमोर म्हणून पाहिल्यासारखं गुळगुळीत होतं. जाताना शेवटचं वाक्य तेवढं सारखं: तुम्हाला तर आमच्या आधीच कळलं असेल.

काय कळलं असेल? बाईंनी मामलेदाराकडे चौकशी केली, चौकीवर चहा पिऊन आल्या. कुठे काही नाही. भांडण नाही, मोर्चा नाही, एक दगड नाही. चौकीवरचा साहेब हसून म्हणाला, “बाई, इतकी शांतता तर तुमच्या कृपेनेच आहे.” ती शांतताच बाईंच्या अंगावर येत होती. टाकीकडच्या गल्लीतून जाताना दोन ठिकाणी त्यांना दोरीने बांधलेल्या गाद्या दिसल्या. बोलता बोलता लोक त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होते.

केंद्रात मदतीला एक निवृत्त पोस्टमन होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, पण कोणाच्या पत्रातलं एक अक्षर बोलले नाहीत. सोमवारी नववी ठेव गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, बाई.”

“पण पाणी कुठून येतंय, काका?”

पोस्टमनकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तुम्ही सूनबाईंना बघून आलात का इतक्यात? दिवस भरत आलेत ना त्यांचे?”

“इथं घर पेटायची वेळ आलीय आणि तुम्हाला सुनेचं सुचतंय?”

“बघून या,” ते म्हणाले. “आजच.”

मुलगा-सून दोन गल्ल्या सोडून वेगळे राहत. मुलगा लोखंडी सामानाच्या डेपोत कामाला होता. या धावपळीत बाईंचं पंधरा दिवसांत तिकडे जाणं झालं नव्हतं, त्याची त्यांना शरम वाटली. वाटेत संत्री घेतली. दार सुनेने उघडलं, पोटावर हात ठेवून, हसत. “या आई. अखेर सवड मिळाली म्हणायची!”

बाई आत गेल्या, आणि खिडकीखाली त्यांना पाळणा दिसला.

नवं तेल लावून पुसलेला. आत घडी घातलेली दुपटी.

संत्र्यांची पिशवी हातात तशीच राहिली. “हा इथं कसा?”

“यांनी आणला की,” सून म्हणाली. “तुम्ही त्या रविवारी परगावी सभेला गेला होतात ना, तेव्हा. तुम्हाला सांगितलं नाही यांनी?”

मुलगा आतून आला. एकदा आईकडे, एकदा पाळण्याकडे पाहून म्हणाला, “सांगणारच होतो.”

“कशावरून आणलास?”

“हातगाडीवरून.”

“उघडा?”

“चादर टाकली होती वर. धूळ बसू नये म्हणून.”

बाईंनी डोळे मिटले. रविवार, भर दुपार, मोठा रस्ता, आणि केंद्राच्या बाईंच्या घरची ठेव चादरीखाली झाकून परत चाललेली. दोन्हीकडच्या ओट्यांवर बसलेली माणसं त्यांना डोळ्यांसमोर दिसली. बाईच काढून घेतायत, म्हणजे बाईंना काहीतरी कळलंय.

“अरे, छत्रीवालीला कारण तरी सांगायचंस!”

“तिने विचारलं नाही. तुझाच नियम ना? निमूट दिला तिने. दोरीसुद्धा स्वतः बांधून दिली.” मग त्याचा आवाज चढला. “आणि आई, माझं पोर येतंय. पाळणा आपला आहे. मी काय चोरी केली?”

“चोरी नाही केलीस. पण फक्त पोरासाठी आणलास?”

सून त्याच्याकडे बघायला लागली.

“डेपोत ऐकायला येतं,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्या खुर्च्यांवर बसून लोक गोड बोलतात. काउंटरवर तसं बोलत नाहीत. म्हटलं, उद्या काही झालं तर निदान पाळणा तरी जळायला नको. कुलपं विकली जातायत, आई. रॉकेलचे रिकामे डबे विकले जातायत.”

“कधीपासून?”

“दोन-चार कुलपं आधीही जात होती.”

“आणि बाकीची?”

त्याने मान खाली घातली. “पाळणा आणल्यानंतर.”

खाली कोणीतरी कसलीतरी पेटी फरफटत नेत होतं, तिचा आवाज जिन्यातून येत राहिला. मग बाईंनी पदर खोचला आणि दुपट्यांची घडी उचलून पलंगावर ठेवली.

“हातगाडी बोलाव.”

“आता? आता तू टाकीकडे जाणार? डोकं ठिकाणावर आहे का?”

“माझ्या घरच्याने आणला, मीच परत नेणार. आणि चादर नाही घालायची.”

“कोणाला काय कळणार त्याने? लोक म्हणतील, बाई घाबरल्या, नाटक करतायत.”

“मी येते बरोबर,” सून म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले. तिने चपला पायात सरकवल्यासुद्धा होत्या. “तुम्ही किती सांगत बसाल, आई, कशासाठी नेला होता ते? मला बघितलं की कळेल लोकांना.”

“तू एक पाऊल टाकायचं नाहीस!” मुलगा ओरडला.

“मग उचलून धरा मला,” ती म्हणाली. “नऊ महिने मी उचलतेय, दहा मिनिटं तुम्ही उचला.”

एरवी या बोलण्यावर तिघं हसले असते. मुलाने हातगाडी आणली, पाळणा खाली उतरवून तिच्यावर ठेवला. ओढायला मात्र तो आला नाही. दारात उभा राहिला. गाडी बाईंनीच ओढली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. एरवी या वेळी मोठ्या रस्त्यावर वाट काढावी लागते. आज मध्येच गाडी उभी करून पुस्तक वाचत बसावं इतकी मोकळीक होती. बेकरीची भट्टी पेटलेली होती, पण बाहेरच्या बाकावर कोणी नव्हतं. पाळण्याच्या कड्या धक्क्यांनी वाजत होत्या. सून गाडीच्या बाजूने पोटाला हात देऊन सावकाश चालत होती. दुकानांची शटरं अर्धी खाली होती आणि त्यांच्याखालून फक्त पाय दिसत होते. रस्त्याच्या मधोमध आल्यावर मागून कोणीतरी म्हणालं, “अगं बाई, हिच्यासाठी होय!” पुढून मात्र कोणीच काही बोललं नाही.

छत्रीवालीचं दार उघडंच होतं. खोलीत एकही छत्री नव्हती. तीन गाठोडी बांधून भिंतीला लावलेली, आणि मधोमध ती बसलेली. तोंडात तार नव्हती, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटेना.

“कुठे निघालीस?” बाईंनी तिच्या भाषेत विचारलं.

“भावाकडे. चार वाजता टेम्पो येतोय.” तिने पाळण्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग सुनेच्या पोटाकडे. कपाळावर हात मारून घेतला. “असं होतं होय! मग मला सांगायला काय झालं होतं?”

“तू विचारायचंस ना गं!”

“विचारायचं नाही, असं कोणी शिकवलं, बाई? अकरा वर्षं कोणी शिकवलं?”

बाईंनी हातातला गाडीचा दांडा खाली टेकवला.

“मला वाटलं, तुम्हाला वरून काही कळलंय,” छत्रीवाली म्हणाली. “आणि मला सांगता येत नाही म्हणून मुलाला पाठवलंत. हीच खूण समजले मी. शेजारणींना सांगितलं. त्यांनी त्यांच्या बहिणींना. आरसा मागायलासुद्धा आले नाही. ओढून नेऊ कुठे?” तिने खोलीबाहेर बोट दाखवलं. “या गल्लीतली सहा घरं रिकामी झाली आहेत. आणि रिकाम्या घराला काडी लावायला कोणाचा हात अडखळत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

बाईंनी आणि तिने मिळून पाळणा आत घेतला. जुन्या जागी ठेवला; तिथे फरशीवर चार पायांचे डाग अजून होते.

“मग बाळ कशात निजायचं?” छत्रीवालीने विचारलं.

“घोंगडीत निजेल. आमच्यात काय कोणी घोंगडीत वाढलं नाही?”

“यातच निजेल,” सून एकदम म्हणाली. भाषा तिला समजत नव्हती, पण बोलण्याचा रोख कळला होता. “दुपारी मी इथं घेऊन येईन. रोज. आई, सांगा ना त्यांना.”

बाईंनी तोंड उघडलं. दोन्ही भाषा येणाऱ्या, तीन दिवस तीन रात्री अख्ख्या गावाचं बोलणं इकडून तिकडे पोचवणाऱ्या बाईंना एवढं एक वाक्य पोचवता येईना. पाच दिवसांचं, दहा दिवसांचं पोर, या खोलीत, या गल्लीत, शेजारची सहा घरं रिकामी. एकतीस जोड्यांना त्यांनी सांगितलं होतं, जिवाची वस्तू ठेवा, भिऊ नका. इतकी सोपी गोष्ट सांगावी तशी सांगितली होती. देवा, मी काय मागत होते लोकांकडे, त्यांच्या मनात आलं.

छत्रीवाली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. “काय म्हणते ती?”

बाईंनी सांगितलं. आणि मग हेही सांगितलं, “मला भीती वाटते. पुढे काय होईल, मला माहीत नाही. मी हो म्हणू शकत नाही.”

बाहेर हॉर्न वाजला. छत्रीवालीचा भाऊ आत आला, घामाघूम, आणि त्याने पहिलं गाठोडं उचललं.

“ठेव ते,” छत्रीवाली म्हणाली.

“वेडी झालीस? अंधार पडायच्या आत रस्ता ओलांडायचा आहे.”

“उद्या ये.”

“उद्या काय होणार आहे?”

“ते यांनाही माहीत नाही,” तिने बाईंकडे मान वळवली. “आज पहिल्यांदा कबूल केलं त्यांनी. त्यांना सगळं माहीत असतं असं वाटलं, म्हणून तर मी निघाले होते.” मग सुनेला हाताने खूण केली, बस. “या अवस्थेत लगेच परत चालायचं नाही. बाई, तुम्हीही बसा. न्यायला मुलगा येईल?”

“येईल,” बाई म्हणाल्या. येईल की नाही, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. “आणि न्हाव्याकडे मला आजच जायचंय. तुझ्या शेजारणींकडेही. प्रत्येकाला विचारणार आहे, का नेलंस.”

“विचारा. थोडा उशीर केलात, पण विचारा.”

भाऊ थोडा वेळ घुटमळला, मग रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. छत्रीवालीने एक गाठोडं सोडून पातेलं काढलं आणि पाणी ठेवलं. बाई मोठ्या रस्त्याकडच्या खिडकीशी गेल्या. समोरच्या दुकानांच्या शटरांखालून पाय अजून दिसत होते, आधीपेक्षा जास्त. टेम्पो रिकामाच गेला, हे त्या सगळ्यांनी पाहिलं होतं. शटर कोणी खाली ओढलं नाही. वरही केलं नाही.